मदत हवी आहे : जुनाट वेदना आणि अंगठ्याच्या सांध्याची झीज, दोन्ही एकत्र कसे सांभाळावे?

नमस्कार. मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते, वय ५४, एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. फायब्रोमायल्जियाचे (अंगभर जुनाट वेदना देणाऱ्या आजाराचे) निदान होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि रोज थोडे चालणे, झोपेची वेळ न मोडणे व डॉक्टरांनी दिलेली ड्युलॉक्सेटिनची गोळी एवढ्यावर ते दुखणे बऱ्यापैकी आटोक्यात होते. गेल्या वर्षापासून मात्र उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागूनच, वेगळ्याच जातीची वेदना सुरू झाली आहे. फायब्रोमायल्जियाचे दुखणे अंगभर पसरलेले आणि जागा बदलणारे असते; हे दुखणे बोट ठेवून दाखवता येते आणि कुलपात किल्ली फिरवताना, बरणीचे झाकण उघडताना किंवा कुकरचे झाकण काढताना नेमके तेथेच कळ येते.

सुरुवातीला घरच्यांनी आणि एका डॉक्टरांनीही ‘तुमचे जुनेच दुखणे आहे’ असे म्हणून विषय संपवला. जुनाट वेदनेच्या रुग्णाने नवी तक्रार सांगितली की तिला जुन्याच खात्यात जमा करण्याची ही सवय मला सर्वांत त्रासदायक वाटते. पुढे संधिवाततज्ज्ञांनी एक्स-रे काढायला लावला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज स्पष्ट दिसली. सूज आणणाऱ्या संधिवातासाठी करतात त्या आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह असून शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी तपासणीही सामान्य आहे, त्यामुळे तूर्त तरी हा सूज आणणारा संधिवात नसून झिजेचा संधिवात आहे, असे त्यांचे मत आहे. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात उतरतो, अशी एक खूण सांगतात. पण फायब्रोमायल्जियामुळे माझे सारे अंगच सकाळी बराच वेळ आखडलेले असल्यामुळे मला तिचा काहीच उपयोग होत नाही.

खरी अडचण अशी आहे की या दोन दुखण्यांसाठी मला मिळालेले सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्था वेदनेचा संदेशच वाढवून पोहोचवते, त्यामुळे दुखले म्हणजे इजा झाली असे समजू नये आणि हालचाल थांबवू नये, हे मी इतकी वर्षे मनाला शिकवत आले. आता अंगठ्याबाबत सांगितले जाते की दुखले की थांबा, आधाराचा पट्टा (स्प्लिंट) लावा, जोर देऊ नका. तर्जनी आणि अंगठ्याच्या चिमटीत जेवढा जोर आपण देतो त्याच्या सुमारे १२ पट जोर मुळाच्या सांध्यावर येतो, हे कळल्यापासून साधा खडू धरतानाही मी बिचकते. परिणामी हात वापरला तर अंगठा दुखतो आणि हात जपायला गेले तर खांदा व मान धरते.

औषधांच्या बाबतीतही मोकळीक फारशी नाही. ड्युलॉक्सेटिनबरोबर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नियमित घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून मला फक्त डायक्लोफेनॅकचे जेल लावायला सांगितले आहे आणि त्याने थोडा आराम पडतो. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे का, याबद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही: युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी हाताच्या झिजेसाठी ते सरसकट देऊ नये असे सांगतात, तर अमेरिकेतील २०१९ च्या शिफारशींत त्याला सशर्त मान्यता आहे. अंगठ्याच्या पट्ट्याची मात्र अमेरिकेतील शिफारशींत ठाम शिफारस आहे, त्यामुळे तेथून सुरुवात करावी असा माझा विचार आहे.

जाणकारांना आणि विशेषतः दोन्ही दुखणी सोसणाऱ्यांना मला विचारायचे आहे की दुकानातला तयार पट्टा पुरतो, की प्लास्टिक गरम करून हाताच्या मापाने घडवलेला पट्टाच घ्यावा? घडवून घ्यायचा असल्यास पुण्यात त्यासाठी कोणाकडे जावे लागते? तो घालून पोळ्या लाटता येतात का? स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर मला आता सोसत नाही, म्हणून लांब जायचे असल्यास मी मेट्रोने जाते; पण पेठांतल्या छोट्या फेऱ्यांसाठी बसमध्ये दांडा धरून उभे राहणे त्याहून कठीण जाते. यावर कोणी काही तोडगा काढला आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या वेदनेला थांबायचे आणि कोणत्या वेदनेला न जुमानता काम चालू ठेवायचे, हे आपण कसे ठरवता?

प्रतिसाद :

ताई, मी स्वतः याच दोन दुखण्यांची रुग्ण आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे पुढील मजकूर केवळ अनुभव म्हणून वाचावा. माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे कमी त्रासात कशी करावीत हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाने) मला समजावले की विश्रांती हवी असते ती चिमटीच्या जोराला, सांध्याच्या हालचालीला नव्हे. अंगठा कोमट पाण्यात हळूहळू सर्व बाजूंनी फिरवणे दोन्ही दुखण्यांत चालते. त्यामुळे आपल्याला मिळालेले सल्ले वाटतात तितके विरुद्ध नाहीत. काम संपल्यानंतर दोन तासांनीही त्याच एका जागी वेदना वाढलेली राहिली, तर ते काम सांध्याला जास्त झाले असे मी धरते. तीच वेदना हातभर पसरून दुसरीकडे गेली, तर ती जुन्या खात्यातली.

पट्ट्याबद्दल सांगायचे तर मी मापाने घडवून घेतला. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात किंवा हाताच्या शल्यचिकित्सकांकडे असे थेरपिस्ट असतात, तेव्हा आपल्या संधिवाततज्ज्ञांकडूनच चिठ्ठी घ्यावी. पोळ्या लाटताना मात्र मी तो काढून ठेवते आणि लाटणे मुठीत न धरता दोन्ही तळव्यांखाली फिरवते. कणीक सैल मळली की जोर कमी लागतो. पुण्यातल्या बोहरी आळीतल्या दुकानांत एसीच्या नळ्यांवर चढवतात ती काळी फोमची नळी मिळते. तिचे तुकडे कापून पेन, उलथणे आणि चाकूच्या मुठीवर बसवले, तर पकड जाड होते आणि चिमूट आवळावी लागत नाही. बाजारात यासाठी महागडी साधने मिळतात, पण ही नळी त्यांच्याइतकेच काम करते. बसमध्ये मी दांडा बोटांनी न धरता कोपराच्या आतल्या बाजूने त्याला वेढा घालते. दिसायला विचित्र असले तरी अंगठा वाचतो.

धागालेखिका :

मनापासून आभार. फोमची नळी उद्याच आणते आणि पट्ट्यासाठी चिठ्ठीही मागते. दोन तासांच्या खुणेबद्दल मात्र एक शंका उरते. माझे फायब्रोमायल्जियाचे दुखणे कामाच्या दिवशी शांत राहते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उसळते, त्यामुळे दोन तासांनी हात ठीक वाटला तरी त्यावर विसंबता येत नाही. बारावीच्या परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, तेव्हा ठरावीक मुदतीत तासन्‌तास लाल पेन धरावे लागते आणि गुण बारीक चौकटीत लिहावे लागतात. आपल्यापैकी कोणी शिक्षक असल्यास, हे काम दिवसांत कसे वाटून घेता आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास उत्तरपत्रिकांची संख्या कमी करून मिळते का, हे कृपया सांगावे.