बास्केट एअर फ्रायर की एअर फ्रायची सोय असलेला ओव्हन : ‘खेळणे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मध्यान्ह :

हळदमीठ यांनी गेल्या आठवड्यात येथे लिहिले की, बास्केटचा एअर फ्रायर हे कुटुंबाच्या स्वयंपाकघरातले यंत्र नव्हे, ते खेळणे आहे. पैसे घालवायचेच असतील तर एअर फ्रायची सोय असलेला ओव्हन घ्यावा, म्हणजे टोस्टर, ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आणि फ्रायर हे तिन्ही एकाच जागेत मावतात. दोन ओळींची प्रतिक्रिया देऊन मी थांबणार होते. पण त्याखाली कितीतरी जणांनी ‘मग आमचा बास्केटवाला विकूनच टाकतो’ असे लिहिलेले वाचले आणि सविस्तर लिहिणे भाग पडले.

फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक आणि घरगुती उपकरणांच्या प्रदर्शनात एअर फ्रायर पहिल्यांदा मांडला, तो बास्केटचाच होता, आणि त्यामागे विचार होता. त्यात कॉइल पदार्थापासून जेमतेम वितभर वर असते आणि पंखा तिच्याही वर असतो. तापलेली हवा जोराने खाली येते, जाळीच्या तळाखालून वळते आणि पुन्हा वर खेचली जाते. पोकळी चार-पाच लिटरची असल्यामुळे हवेचा वेग टिकतो आणि पदार्थाच्या पृष्ठभागावरची वाफ लगेच वाहून जाते. कुरकुरीतपणा येतो तो वाफ निघून गेल्यामुळे. वीस-पंचवीस लिटरच्या ओव्हनमध्ये तोच पंखा पाचपट जागेतली हवा फिरवत असतो आणि बरीचशी उष्णता पत्रा व दाराची काच तापवण्यात जाते.

कोथिंबीर वडीचेच पाहा. उकडलेला उंडा गार करून पाऊण बोटाच्या जाडीने कापावा, दोन्ही अंगांना ब्रशने तेल लावावे आणि १८० अंशांवर ठेवावा. बास्केटमध्ये आठ-दहा मिनिटांत कडा तांबूस होतात, वर आलेली कोथिंबिरीची पाने कडक होऊन काळपट हिरवी पडतात, आणि एकदा उलटल्यावर खालची बाजूही तशीच होते. ओव्हनच्या ट्रेवर याच वड्या वरून छान दिसतात, पण उचलल्यावर खालून ओलसर, बोटाला चिकटणाऱ्या असतात, कारण ट्रेखालून हवा जातच नाही. त्यात ओव्हन तापायला आठ-दहा मिनिटे हवीत, ती वेगळीच. संध्याकाळी दोघांसाठी मूठभर वड्या करायच्या असतील तर ओव्हन कशाला पेटवायचा?

हळदमीठ :

मध्यान्हताई, आपण सविस्तर लिहिलेत याबद्दल आभार, पण आपले सारे उदाहरण ‘दोघांसाठी मूठभर’ या दोन शब्दांवर उभे आहे. आमच्या घरी सहा माणसे जेवायला बसतात. चार लिटरच्या बास्केटमध्ये एका थरात दहा-बारा वड्या मावतात, आणि एकावर एक रचल्या तर आपण सांगितलेली हवा कुठेच पोहोचत नाही. म्हणजे तीन घाणे आले. तिसरा निघेपर्यंत पहिला मऊ पडलेला असतो आणि करणारी बाई शेवटी एकटीच जेवते. कढईपाशी उभे राहणे टळावे म्हणून यंत्र घ्यायचे आणि मग यंत्रापाशी उभे राहायचे, याला मी सोय म्हणत नाही.

विजेचाही हिशोब करू. १५०० वॉटचा बास्केटवाला पंधरा मिनिटांचे तीन घाणे काढेल, तर जास्तीत जास्त सव्वा युनिट जाईल. १८०० वॉटचा ओव्हन तापण्यासह अर्धा तास चालला तर पाऊण-एक युनिटात तेवढाच माल एका वेळी निघतो. दोन्हींत थर्मोस्टॅट मधून मधून कॉइल बंद करतो, म्हणून प्रत्यक्षात खर्च कमीच, पण प्रमाण तेच राहते.

आणि वड्या ट्रेवर ठेवायला कोणी सांगितले? ओव्हनसोबत स्टीलची जाळीची टोपली येते. ती वरून दुसऱ्या खाचेत सरकवावी, ट्रे खालच्या खाचेत ठेवावा, म्हणजे तेलाचे थेंब त्यात पडतात आणि खालून हवाही मिळते. ट्रेवरची वडी हा ओव्हनचा दोष नाही, वापरणाऱ्याचा आहे.

पूर्वरंग :

दोन्ही बाजू वॉटचे आकडे सहज लिहून पुढे जात आहेत, म्हणून मध्ये बोलतो. २३० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. आपल्याकडचा लहान पिनांचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. म्हणजे हळदमीठ यांचा ओव्हनच नव्हे, तर बहुतेक बास्केटवालेही सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच चालवायला हवेत. प्रत्यक्षात लोक मोठ्या पिनेला अडॅप्टर लावून ते लहान सॉकेटमध्ये किंवा एक्स्टेंशन बोर्डवर चालवतात, आणि काही महिन्यांनी सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडून वितळू लागते. मी दुरुस्तीची कामे करतो आणि असे सॉकेट मला वारंवार पाहावे लागतात. नव्या इमारतींतही ओट्यावर एकच मोठा सॉकेट दिलेला असतो, तोही मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि हे नवे यंत्र या सगळ्यांच्या वाट्याला. लाखो रुपये मोजून घर घेणारा माणूस टाइल्सचा रंग तीन वेळा बदलून घेतो, पण ओट्यावर तीन मोठे सॉकेट मागत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

जागेचेही तसेच आहे. ओव्हनला मागे आणि बाजूंना चार-चार बोटे मोकळी ठेवावी लागतात, वर टांगलेले कपाट असेल तर त्याचा खालचा प्लाय तापतो. मुंबईतल्या दहा फुटी ओट्यावर हे कुठे बसवायचे, तेही हळदमीठ यांनी सांगावे.

जर्सीवासी :

आमच्याकडे अमेरिकेत १२० व्होल्ट असल्यामुळे साध्या प्लगवर १८०० वॉटच्या पुढे यंत्र जात नाही, म्हणून मोठ्या काउंटरटॉप ओव्हनवरही तोच आकडा दिसतो. येथे घराघरांत टोस्टर ओव्हन आधीपासून होताच. त्यालाच वेगवान पंखा जोडून एअर फ्राय आले. ब्रेड, पिझ्झा, भाजलेले रताळे, सारे त्यातच होते आणि उन्हाळ्यात मोठा ओव्हन पेटवून घर तापवावे लागत नाही. बास्केटवाला मी वापरला आहे. चिकनची चरबी तळाशी गळून जळते, धूर होतो आणि छताचा अलार्म वाजतो. तळात थोडे पाणी घातले की हे थांबते, हे मान्य. पण काचेतून पदार्थ दिसतो, ही ओव्हनची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या बास्केटला खिडकी नाही, त्यात पदार्थ करपला हे वासावरूनच कळते.

मध्यान्ह :

जाळीच्या टोपलीचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मी मान्य करते. पण ती टोपली धुऊन झाली म्हणजे ओव्हन स्वच्छ झाला का? सुरमईला रवा लावून ओव्हनमध्ये भाजली की तेलाचे तुषार कॉइलवर, छतावर आणि काचेच्या आतल्या बाजूला उडतात. तो भाग सिंकमध्ये नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ओव्हनमध्ये नानकटाई ठेवली की तिला सुरमईचा वास येतो. बास्केट आणि तिचे भांडे दोन्ही उचलून धुता येते, ही माझ्या दृष्टीने निम्मी लढाई आहे.

हळदमीठ :

धुता येते, पण किती दिवस? त्या बास्केटला नॉनस्टिकचा थर असतो. आमच्याकडे असलेल्या बास्केटवाल्याचा थर वर्ष होण्याच्या आतच निघाला, कारण कामाच्या बाई सगळीच भांडी तारेच्या घासणीने घासतात. कितीही सांगा, त्यांना फरक कळत नाही. नंतर सुटी बास्केट मागितली, तर जवळजवळ निम्म्या यंत्राची किंमत सांगितली. ओव्हनची स्टीलची जाळी घासा, आपटा, काही होत नाही. भारतातल्या घरांत भांडी कोण आणि कशी घासते, याचा विचार करूनच यंत्र निवडावे.

उंबरठा :

हा प्रतिसाद वाचून फार वाईट वाटले. ‘त्यांना फरक कळत नाही’ हे आपण कोणत्या आधारावर लिहिलेत? बास्केट सिंकमध्ये टाकण्याआधी मऊ स्पंज वेगळा काढून त्यांच्या हातात दिलात का? आपल्या घरात नाजूक वस्तू आणण्याचा निर्णय आपला, तिची किंमत आपल्याला माहीत, आणि ती खराब झाली की दोष मात्र महिन्याच्या पगारावर चार घरे करणाऱ्या बाईचा. एअर फ्रायरच्या चर्चेत हे खपवून घेणार नाही.

हळदमीठ :

आपण माझ्या घरात डोकावण्याचे कारण नाही. आमच्याकडे त्या नऊ वर्षे आहेत आणि त्यांना आम्ही घरच्याच मानतो. मी कोणाचा अपमान केलेला नाही, वस्तुस्थिती लिहिली आहे.

कोपरा :

मी सहसा येथे वाचतो, लिहीत नाही. माझी आई पुण्यात लोकांकडे धुणीभांडी करते, म्हणून आज लिहितो.

बास्केटच्या जाळीचा तळ आणि बाहेरचे भांडे यांच्यामध्ये एक खाच असते. रात्री चिकन किंवा मासे झाल्यावर ती खाच तेलाने भरते, आणि सकाळपर्यंत ते तेल रव्यासकट वाळून घट्ट पिवळे होते. बहुतेक घरांत बास्केट तशीच सिंकमध्ये, इतर भांड्यांखाली ठेवलेली असते. आईला त्या घरात जेवढा वेळ असतो, त्यात भांडी, ओटा आणि फरशी व्हायची असते. गार पाण्याने आणि स्पंजने ते वाळलेले तेल निघत नाही. अस्वच्छ राहिले तरी बोलणी बसतात, म्हणून ती तारेची घासणी घेते. फरक तिला चांगला कळतो; आमच्या घरचा नॉनस्टिक तवा तिने कितीतरी वर्षे टिकवला आहे, कारण तो तापलेला असतानाच ती कागदाने पुसून ठेवते.

ज्यांना बास्केट टिकवायची आहे, त्यांनी जेवण झाल्यावर तिच्यात कढत पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून ठेवावे. सकाळी कोणीही साध्या स्पंजने ती धुऊ शकेल. आणि ओव्हनवाल्यांनीही ऐकावे : ट्रे धुतला जातो, पण आतली काच आणि छत पुसायचे काम कोणाचे, हे कोणी ठरवलेले नसते. महिन्याभराने ते काम ‘जरा ओव्हनही पुसून घे’ असे म्हणून आईवरच येते, आणि त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

पूर्वरंग :

कोपरा यांच्या प्रतिसादात एक भर घालतो. ओव्हन पुसायचा तर पिन काढून, पूर्ण गार झाल्यावरच पुसावा, आणि कॉइलवर ओले फडके फिरवू नये. हे काम दुसऱ्याला सांगणाऱ्याने आधी पिन स्वतः काढून ठेवावी.

जर्सीवासी :

आमच्याकडे सगळे हातानेच किंवा डिशवॉशरमध्ये, त्यामुळे या चर्चेत मला बोलण्याचा फारसा अधिकार नाही. एकच विचारतो. निघालेला नॉनस्टिक थर विषारी असतो म्हणून लोक घाबरवतात, त्यात कितपत तथ्य आहे?

मध्यान्ह :

तो थर साधारण २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो आणि बहुतेक बास्केटवाले २०० अंशांच्या आसपासच जातात, त्यामुळे रोजच्या वापरात धूर आणि विषाची भीती घालणे योग्य नाही. चरा पडला की पदार्थ चिकटतो आणि कण जेवणात येतात, हीच खरी अडचण आहे, आणि बास्केट बदलायला तेवढे कारण पुरेसे आहे. त्याउलट बटाटा फार तांबूस होईपर्यंत भाजला की अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय असलेले रसायन तयार होते, याकडे कोणी लक्ष देत नाही. ते १२० अंशांच्या पुढे पिष्टमय पदार्थांत होते, मग यंत्र बास्केटचे असो, ओव्हन असो, की कढई असो. सोनेरी झाला की बाहेर काढावा.

कोपरा यांनी लिहिलेले मला मनापासून पटले. हळदमीठ, आता आपण मूळ मुद्द्यावर या. सहा माणसांसाठी एका वेळी वाढायचे असेल तर ओव्हन बरा, हे मी मान्य करते, आणि ते मान्य करणे मला जड जाते आहे. पण आपण ‘खेळणे’ हा शब्द सर्वांसाठी वापरलात. एकट्या राहणाऱ्या मुली, दोघेच उरलेले आईवडील, हॉस्टेलबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, यांना २५ लिटरचा ओव्हन घ्यायला लावणे चुकीचे आहे.

हळदमीठ :

दोन माणसांच्या घरासाठी बास्केट योग्य, हे वाक्य मी मूळ लेखात घालीन. सॉकेटबद्दलही घालीन, कारण तो मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. कोपरा, आपल्या आईंबद्दल जे लिहिलेत ते वाचून मी आमच्या बाईंशी बोलले. त्यांनी जवळजवळ हेच सांगितले. उंबरठा यांच्या सुराबद्दल माझी तक्रार कायम आहे, पण त्यांचा प्रश्न रास्त होता.

तरीही नॉनस्टिकबाबत मी मागे हटणार नाही. तीन-चार हजारांचे यंत्र घ्यायचे आणि त्याचा आत्मा असलेली बास्केट दोन वर्षांत बदलायची, हा खर्च कोणी धरतच नाही. जाळीपासून भांड्यापर्यंत पूर्ण स्टीलची बास्केट त्याच किमतीत सर्रास मिळू लागली, तर मी माझा शब्द परत घेईन.

उंबरठा :

सुराबद्दल आपण म्हणता ते असू दे. ज्यांच्याकडे भांडी दुसरे कोणी घासते, त्यांनी कोणतेही यंत्र आणण्याआधी त्या व्यक्तीला ते दाखवावे आणि हे धुणे जमेल का, किती वेळ लागेल, असे विचारावे. हेही मूळ लेखात घाला.

हळदमीठ :

घालते.