प्रति: पेटी येते, मग ॲकॉर्डियन सोपं?

केजन म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियानाच्या फ्रेंच भाषकांचं लोकसंगीत. ते आणि त्यावरचा नाच शिकवणाऱ्या कॅम्पच्या दोन दिवसांत पेटी वाजवणाऱ्याला ॲकॉर्डियन जमेल, असं एकाने लिहिलंय ते अर्धंच खरं. रीडचं तत्त्व तेच, पण केजन ॲकॉर्डियनला सुरावटीची बटणं फक्त १०, आणि भाता दाबताना एक सूर तर ओढताना त्याच बटणाचा दुसरा. सी स्वराच्या (म्हणजे ज्याचा सा सी आहे अशा) वाद्यावर तिसऱ्या बटणापासून सा दाबून, रे ओढून. चौथ्यावर ग दाबून, म ओढून. पाचव्यावर प दाबून, ध ओढून. इथवर लय लागते. सहाव्यावर मात्र उलटं: आधी ओढून नी, मग दाबून सा. म्हणजे ध आणि नी लागोपाठ ओढायचे. नवखे हमखास इथेच अडखळतात. शिवाय हवेचं बटण (सूर न वाजवता भात्यात हवा घेणारं-सोडणारं) वेळेत दाबलं नाही, तर ऐन ओळीत भाता संपतो. पेटीवाल्यांनी झायडेकोचा (लुईझियानाच्याच कृष्णवर्णीय क्रिओल लोकांच्या नाचाच्या संगीताचा) पियानो ॲकॉर्डियनचा वर्ग मिळाला तर तो घ्यावा. झायडेकोचे नामवंत वादक क्लिफ्टन शेनिए तेच वाजवायचे, आणि त्यात प्रत्येक पट्टीचा सूर दोन्ही दिशांना एकच राहतो. (झायडेकोचेच बूझू चॅव्हिस मात्र बटणवालेच.)

फिडल (व्हायोलिन) नेणाऱ्यांनी सी ॲकॉर्डियनशी जुळण्यासाठी चारही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवून एफ-सी-जी-डी लावाव्यात. मग बोटं डी स्केलची ठेवली तरी सी स्केल वाजतं आणि मोकळ्या तारांचा घुमारा हाताशी राहतो. नाचासाठी रबरी तळव्याचे बूट नकोत. ते लाकडी फरशीला चिकटतात आणि वळताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो.