‘द डार्क साइड ऑफ द मून’: पार्सन्सचा क्वाड सरस की गथ्रीचा ५.१?

परिघ (धागाकर्ता)

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या या अल्बमचे सराउंडमध्ये, म्हणजे श्रोत्याभोवती स्पीकर ठेवून ऐकण्यासाठीचे, तीन मिक्स आहेत. अ‍ॅलन पार्सन्सने (अल्बमचा मूळ ध्वनिमुद्रक) १९७३ मध्ये केलेला चार चॅनेलचा क्वाड, ध्वनिमुद्रक जेम्स गथ्रीचा २००३ मध्ये एसएसीडीवर (उच्च दर्जाची ऑडिओ डिस्क) आलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), आणि गथ्रीचाच २०२३ चा, छताकडचेही स्पीकर वापरणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस. पहिले दोन २०११ च्या ‘इमर्शन’ संचात एकाच डीव्हीडीवर आहेत, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात.

माझं मत: क्वाड सरस. हा अल्बम चार कोपऱ्यांचा विचार मनात धरूनच घडला. १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये या मंडळींनी ‘अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर’ नावाच्या दांडीने आवाज श्रोत्यांभोवती फिरवला होता. ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून ध्वनिमुद्रित केली, तीही क्वाडचं प्रात्यक्षिक म्हणून. ‘मनी’तली नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची खटखट यांचे तुकडे सुटे ठेवले ते चार स्पीकरांतून फिरवता यावेत म्हणूनच. असा माल हाताशी असताना मिक्स करणाऱ्याने हात आखडता घेऊ नये. गथ्री घेतो. खुद्द पार्सन्सनेही ५.१ ची तारीफ करताना तो मूळ मिक्सला जरा जास्तच धरून आहे अशी खंत व्यक्त केली होती. मला तेच खटकतं. स्टिरिओ हवा असेल तर स्टिरिओ आहेच की.

‘मनी’ लावा आणि सात मात्रांच्या त्या आवर्तनात सम कुठल्या कोपऱ्यात पडते ते हाताने मोजा. क्वाडमध्ये हा खेळ स्वच्छ कळतो. सराउंड मिक्सला पहिला प्रश्न हाच विचारावा: दोन स्पीकरांत जे कधीच कळलं नसतं असं काय कळलं?

मंद्र

पूर्ण असहमत. तो प्रश्न पाचवा किंवा सहावा असेल, पहिला नव्हे. पहिला प्रश्न, बँड एकत्र वाजतोय का?

रॉक म्हणजे ड्रम आणि बास यांची गाठ. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बासची तार एकाच क्षणी एकाच ठिकाणाहून आली की ठेका बसतो. वाद्यं चार भिंतींवर वाटून टाकली की प्रत्येक वाद्य सुटं छान ऐकू येतं आणि गाणं मात्र ढिलं पडतं. गथ्री ताल समोर घट्ट बांधतो. मागे जातात ते कीबोर्डचे थर, कोरस, बोलण्याचे तुकडे, पडसाद. ‘अस अँड देम’मध्ये शब्दांचे पडसाद खोलीभर फिरतात, पण त्यांच्याखालचा ठेका जागचा हलत नाही. म्हणूनच ते फिरणं अंगावर येतं. सगळंच फिरायला लागलं तर कशाच्या तुलनेत फिरतंय हे कळायलाही काही उरत नाही.

दुसरं, टेपची पिढी. १९७२-७३ मध्ये सोळा ट्रॅक भरले की ते आटपून दुसऱ्या सोळा ट्रॅकच्या टेपवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं ध्वनिमुद्रण करायचं. प्रत्येक उतरणीत टेपची सूं वाढते, झांजांची धार बोथटते. ५.१ साठी गथ्री पहिल्या पिढीच्या टेपांकडे परत गेला. ‘टाइम’च्या सुरुवातीच्या रोटोटॉमवर काठी पडते तो क्षण दोन्ही मिक्समध्ये ऐका. गथ्रीकडे आधी काठीची टोक, मग कातड्याचा सूर, असं वेगवेगळं कळतं.

ओहम

वाद चालू द्या, पण दोघेही कोणत्या मांडणीवर ऐकून बोलताय ते सांगा. दोन मिक्स दोन वेगळ्या भूमितींसाठी आहेत आणि एका मांडणीवर दोन्हींना न्याय मिळत नाही.

५.१ ची संगीतासाठीची मांडणी अशी (श्रोत्याच्या नाकासमोर शून्य अंश): समोरचे दोन ±३० अंशांवर, सेंटर शून्यावर, मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, साधारण ११०. क्वाडची मांडणी चौकोनी: समोरचे ±४५, मागचे ±१३५, म्हणजे चारही बाजूंना ९० अंशांचं अंतर. आता क्वाड ५.१ च्या मांडणीवर वाजवला की काय होतं? समोरचं अंतर ६० अंश, दोन्ही कडांचं ८०, आणि पाठीमागचं तब्बल १४०. ‘ऑन द रन’मधली सिंथेसायझरची फिरकी मिक्समध्ये समान वेगाने फिरत असेल तर तुमच्या खोलीत ती समोर रेंगाळते आणि पाठीमागे खड्ड्यात पडल्यासारखी उडी मारते. याचा दोष पार्सन्सला देता येत नाही. ७.१ ची जोडणी (पाठीमागे आणखी दोन स्पीकर) असेल तर क्वाडचे मागचे चॅनेल बाजूच्या स्पीकरांऐवजी पाठीमागच्या जोडीवर घ्या. नसेल तर निदान ऐकण्यापुरते स्टँड सरकवा.

आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो. तिथे १३५ अंश शक्यच नाही, वर भिंतीजवळ खर्ज फुगतो तो वेगळाच. सोफा किमान अडीच-तीन फूट पुढे ओढा, मग मत द्या.

अंतर आणि पातळी या दोन्ही गोष्टी मोजून लावा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. समोरचा स्पीकर तीन मीटरवर आणि मागचा सव्वा मीटरवर असेल तर मागचा आवाज पाच मिलिसेकंद आधी पोचतो. रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प) अंतरं बरोबर भरली तरच हा फरक भरून निघतो. मग रिसीव्हरचा टेस्ट नॉइज लावून बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, साउंड मीटर सी वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर ठेवून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. फोनवरचं अ‍ॅप स्पीकरांची आपसातली तुलना करायला पुरतं, सबवूफरसाठी त्यावर विसंबू नका.

ऑडिसी (खोलीनुसार आवाज आपोआप जुळवणारी प्रणाली) असलेल्या रिसीव्हरवर डायनॅमिक ईक्यू चालू असेल तर कमी आवाजात तो मागचे स्पीकर आपणहून वाढवतो. ‘गथ्रीचे मागचे चॅनेल फार पुढे येतात’ किंवा ‘क्वाड मागून ओरडतो’ ही दोन्ही मतं त्यातून निघू शकतात. तो बंद करा, नाहीतर त्याच मेनूतला रेफरन्स लेव्हल ऑफसेट १० किंवा १५ वर ठेवा.

परिघ

@ओहम, भूमितीचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. चौकोनी मांडणीवर ‘ऑन द रन’ ऐकणाऱ्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

@मंद्र, ताल समोर बांधायचा हा नियम कोणी केला? तो रंगमंचाचा नियम आहे. बँड रंगमंचावर असतो आणि श्रोता खाली, म्हणून सगळं समोर. या अल्बममध्ये रंगमंच आहे कुठे? हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होऊन ठोक्यांवरच संपणारी ही रचना आहे. श्रोता आत आहे. त्याला आत बसवायचं आणि वाद्यमेळ मात्र समोरच्या भिंतीवर टांगायचा, यात मेळ बसत नाही.

मंद्र

आत बसवण्याला माझी ना नाही. पण आत बसलेल्या माणसाची मान किती वेळ वळवायची? आपल्या कानांची दिशा ओळखण्याची ताकद समोर सर्वांत जास्त असते, कडेला खूप कमी. डावा समोरचा आणि डावा मागचा या दोन स्पीकरांच्या मधे उभा केलेला आवाज समोरच्या दोघांच्या मधल्या आवाजासारखा स्थिर राहत नाही. डोकं जरा हललं की तो एका स्पीकरला जाऊन चिकटतो. म्हणजे क्वाडमध्ये जे ‘फिरतं’ ते बरेचदा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत उड्या मारतं. घड्याळांना ते शोभतं, कारण प्रत्येक घड्याळ मुळातच सुटं आहे. सलग सुराला शोभत नाही.

आणि दोन फूट बाजूला बसलेल्या माणसाचं काय? तो एका स्पीकरच्या साठ सेंटिमीटर जवळ गेला की त्याचा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी येतो. तेवढ्यात दोघांच्या मधे उभा असलेला गायक जवळच्या पेटीत जाऊन बसतो. क्वाडला सेंटर नाही. गथ्रीकडे आहे, म्हणून सोफ्यावरच्या तिघांनाही गायक निदान समोर तरी सापडतो.

सप्तरंग

सेंटरवरून एक भर घालते. गायिका क्लेअर टोरीचा ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला आवाज दोन मिक्समध्ये वेगळा वाटतो म्हणून ‘एकाने ईक्यू (खर्ज-तीव्र स्वरांचं संतुलन) बिघडवला’ असं लगेच म्हणू नका. दोन स्पीकरांच्या मधे उभ्या केलेल्या आवाजात प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, लांबचा साधारण पाव मिलिसेकंद उशिरा. त्यामुळे दोन किलोहर्ट्झच्या आसपास खळगा पडतो आणि आवाज थोडा मऊ, मागे सरलेला वाटतो. तोच आवाज खऱ्या सेंटर स्पीकरमधून आला की खळगा नाहीसा होतो आणि तो उजळ, पुढे आलेला लागतो. कोणता आवडतो हा आवडीचा भाग. पण स्टिरिओ वर्षानुवर्षं ऐकलेल्या कानाला तो मऊपणाच ‘मूळ’ वाटतो, आणि इथे क्वाडला फुकटचे गुण मिळतात.

सेंटर पेटी समोरच्या दोघांच्याच कुळातली नसेल, टीव्हीखाली आडवी टाकलेली असेल, तर गथ्रीचा तोटा आणखी वाढतो. अशा घरात ५.१ ला नापास करणं अन्यायाचं आहे.

तिसरी ओळ

तुम्ही १९७३ आणि २००३ मध्ये अडकलात. अ‍ॅटमॉसने हा वाद मिटवलाय. आवाज स्पीकरला बांधलेला नसून जागेला बांधलेला असतो. मांडणी कशीही असो, रेंडरर (आवाज स्पीकरांत वाटणारं सॉफ्टवेअर) त्याप्रमाणे वाटणी करतो. मूळची मोकळीक आणि गथ्रीच्या टेपा, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. साध्या हेडफोनवरही ऐकता येतं.

ओहम

हेडफोनवर ऐकून मिक्सवर मत देऊ नका, ही विनंती. हेडफोनवर तुम्ही मिक्ससोबत एक रेंडररही ऐकत असता. अ‍ॅपल स्वतःचा रेंडरर वापरतं आणि मिक्स करणाऱ्याने डॉल्बीच्या साधनात ठरवलेलं जवळ-मध्यम-लांब हे बायनॉरल (हेडफोनसाठीचं) अंतर विचारातच घेत नाही. दुसऱ्या सेवेवर तेच गाणं वेगळ्या खोलीत वाजल्यासारखं वाटेल. शिवाय स्ट्रीमिंगवर डॉल्बी डिजिटल प्लस ७६८ किलोबिटने येतं, ब्लू-रेवर ट्रूएचडी, म्हणजे काहीही न गाळता.

आवाजाच्या पातळीचंही भान ठेवा. अ‍ॅटमॉससाठी सरासरी पातळी उणे १८ एलकेएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) वर जाऊ द्यायची नाही असा दंडक आहे. आजकालचे बरेच स्टिरिओ मास्टर त्याहून जोरात असतात. बटण न हलवता दोन्ही लावले तर अ‍ॅटमॉस मवाळ वाटणारच. जो जोरात वाजतो तो कानाला सरस वाटतो, यातून कोणाचीच सुटका नाही.

तुलनेची पद्धत सांगतो. डीव्हीडीवर क्वाड आणि ५.१ दोन्ही डॉल्बी डिजिटल ६४० किलोबिटमध्ये आहेत, तेच दोन घ्या. ब्लू-रेवरचा ९६ किलोहर्ट्झचा ५.१ विरुद्ध डीव्हीडीवरचा क्वाड अशी जोडी लावू नका, तिथे मिक्सआधी डेटाचं कॉम्प्रेशनच ऐकू येईल. ‘अस अँड देम’च्या कोरसचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोन्हींत लावा, बसण्याच्या जागी सरासरी पातळी मोजा, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. चॅनेलची संख्या वेगळी असल्याने हे टेस्ट नॉइजने जमत नाही, गाण्यावरच करावं लागतं.

तिसरी ओळ

ठीक, हेडफोन सोडला. पण वरचे स्पीकर बंद करून ऐकलं तर अ‍ॅटमॉसचा फायदा लगेच कळतो.

ओहम

कसे बंद करताय यावर अवलंबून आहे. रिसीव्हरच्या मेनूत ‘नाही’ केलंत तर तिथला ऐवज खालच्या स्पीकरांत वाटला जातो आणि काहीच हरवत नाही. सेंटरचंही तेच, तो डाव्या-उजव्यात उणे तीन डेसिबलने मिसळतो. कोणत्या स्पीकरमध्ये काय आहे हे ऐकायचं तर मेनू तसाच ठेवून, अ‍ॅम्प बंद करून, त्या स्पीकरची तार काढा.

खर्जालाही हीच पद्धत लावा. समोरचे स्पीकर मोठे असतील तर सगळे ‘लार्ज’ करून (म्हणजे प्रत्येकाचा खर्ज त्याच्याकडेच ठेवून) मेनूत सबवूफर ‘आहे’च ठेवा आणि त्याचं बटण बंद करा. किक आणि बास उभे राहिले तर मिक्स शहाणा. कोसळले तर मिक्स करणाऱ्याने मुख्य ऐवज एलएफईत (सबवूफरसाठीचा वेगळा चॅनेल) टाकलाय. क्वाडला एलएफईच नाही, त्यामुळे ‘क्वाडमध्ये खर्ज कमी’ म्हणण्याआधी ८० हर्ट्झचं बेस मॅनेजमेंट (त्याखालचा खर्ज सबवूफरकडे वळवणं) चालू आहे का ते पाहा. एसएसीडी प्लेअर अ‍ॅनालॉग तारांनी जोडला असेल आणि रिसीव्हरच्या त्या इनपुटवर सबवूफरची दहा डेसिबलची वाढ लावलेली नसेल, तर गथ्रीचाही एलएफई दहा डेसिबलने कमी ऐकू येतो.

मंद्र

एक जागा सुचवते, जिथे दोन्ही बाजूंचा निकाल लागू शकेल. ‘मनी’त सॅक्सोफोननंतर गाणं सातातून चारात जातं आणि बँडचा गिटारवादक गिलमोर याची गिटार सुरू होते. पहिली फेरी मोठ्या घुमाऱ्यात. दुसऱ्या फेरीत घुमारा काढून घेतलाय, साथ विरळ, गिटार कोरडी आणि अगदी कानाशी. तिसऱ्या फेरीत पुन्हा सगळं उघडतं. स्टिरिओत ही जागा अंगावर काटा आणते. सराउंडमध्ये तिथे खोली आकसली पाहिजे. मागच्या स्पीकरांतून घुमाऱ्याची शेपटी तशीच वाहत राहिली, किंवा भराव म्हणून तिथे काहीबाही ठेवलं, तर त्या मिक्स करणाऱ्याला गाणं कळलेलं नाही, मग नाणी कितीही छान फिरवलेली असोत.

परिघ

ही कसोटी मला पटली, पण तिचा अर्थ तुम्ही लावता त्याच्या उलट आहे. खोली आकसायची तर आधी ती मोठी असावी लागते. पहिल्या फेरीत मागचे दोन स्पीकर खरोखर भरलेले असतील तरच दुसऱ्या फेरीतली त्यांची शांतता जाणवेल. मागे नुसता उणे बारा डेसिबलचा घुमारा ठेवणाऱ्या सावध मिक्समध्ये तो गेला काय आणि राहिला काय, कोणाला कळणार?

मंद्र

मग ओहमच्या पद्धतीने, अ‍ॅम्प बंद करून, समोरच्या दोन आणि सेंटरच्या तारा काढा आणि तिन्ही फेऱ्या फक्त मागचं ऐका. आधी क्वाड, मग ५.१. दुसरी फेरी सुरू होताना मागे काय थांबतं आणि काय चालू राहतं ते इथे लिहा. मांडणीचे अंश आणि सोफ्यापासून भिंतीचं अंतरही सोबत द्या, म्हणजे ओहम पुन्हा विचारणार नाहीत.