मॉक ड्राफ्टला राशिभविष्य म्हणणाऱ्यांसाठी

फेडअवे_फुकट:
परवा इथे एकाने टाकलं, "मॉक ड्राफ्ट म्हणजे पेपरातलं राशिभविष्य. पुढे स्टार झालेला योकिच ४१ वर गेला तेव्हा कुठे होते हे पंडित?" खाली नुसत्या टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो पण डोक्यातून जाईना, म्हणून आता लिहितोच. अहो एनबीएच्या ड्राफ्टमध्ये टीम आळीपाळीने नवे खेळाडू उचलतात. मॉकवाल्याचं काम काय, तर त्या रात्री कुणाच्या डोक्यावर कुठल्या टीमची टोपी बसणार याचा आधी अंदाज सांगणं, एवढंच. पोरगा पुढे एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, होणार की दोन वर्षांत गाशा गुंडाळणार हे त्याला कुणी विचारलेलंच नाही, त्यासाठी बिग बोर्ड, म्हणजे गुणवत्तेची क्रमवारी, असते, दोन्ही एका ताटात कालवू नका. २०१४ ला कुणी योकिच ४१ वर लिहिला असता तर तो मॉक बरोबरच ठरला असता की! चुकल्या त्या टीम. खुद्द डेन्व्हरने त्याच रात्री आधी नुर्किच आणला, म्हणजे योकिचच्याच जागेवरचा सेंटर, मग योकिच, आणि तो पिक आला तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. २०१३ ला पोपट झाला हे मान्य, सगळे एक नंबरला नोएल नाहीतर लेन करत बसले, क्लीव्हलंडने बेनेट काढला आणि नोएल सहावर घसरला. पण वेंबी, झायन, फ्लॅग एकवर जाणार हे बरोबर सांगितलं ते? ते नाही आठवत कुणाला.

कट्ट्यावरचा_सेंटर:
तो "एक" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. वेंबी एकवर जाणार हे सांगायला पंडित लागतो? मग उद्या सूर्य उगवणार हेही मीच सांगितलं म्हणून लिहून ठेवा. आता २०२२ बघा. ड्राफ्टच्या सकाळी वोज, आतल्या बातम्या देणारा पत्रकार, सांगतोय की स्मिथ, होल्मग्रेन, बँकेरो हा क्रम पक्का होत चाललाय, सट्ट्याचे भाव तिकडे पळाले, आणि रात्री ऑर्लँडोने बँकेरो उचलला. स्मिथ तीनवर. ज्याच्या फोनमध्ये सगळ्या जीएमचे, म्हणजे खेळाडू निवडणाऱ्या टीम मॅनेजरांचे, नंबर त्याची ही गत, तर बाकीचे कोण? एजंटने सोडलेली पुडी, टीमने सोडलेली पुडी, ती गोळा करायची आणि वर आपलं नाव टाकायचं. जूनपर्यंत वीस वेळा यादी बदलायची, शेवटचा बदल पहाटे, आणि मग "आमचे इतके बरोबर आले". वरातीमागून घोडं नाचवायचं आणि नवरदेव मीच म्हणायचं.

फेडअवे_फुकट:
माहिती बदलली की यादी बदलणारच ना राव, हवामान खातं काय जानेवारीतच जूनचा पाऊस सांगून मोकळं होतं का?

कट्ट्यावरचा_सेंटर:
हवामान खात्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत, मी काही बोललो नाही 😂

संत्र्याचा_फोड:
आमच्या जिल्ह्याच्या सिलेक्शनचा मॉक मी काढला असता तर शंभर टक्के बरोबर आला असता. ज्युनियरला होतो, दोन दिवस चाचणी, उन्हात कोर्टवर पाय भाजले, माझ्यापेक्षा चार बोटं बुटका पोरगा जो लेफ्टने ले-अप पण मारत नव्हता तो टीममध्ये, कारण काका कमिटीत. यादी आदल्या रात्रीच टाइप झालेली होती बे, शिपायानेच सांगितलं. म्हणून मला हे अमेरिकेतलं "आश्चर्यकारक पिक" वगैरे ऐकलं की हसू येते. कुठंतरी कुणाला तरी आधी माहीत असतेच.

फेडअवे_फुकट:
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण भाऊ याचा मॉकशी काय संबंध?

संत्र्याचा_फोड:
आहे न. ज्याला आतलं माहीत तो लिहीत नाही, लिहितो त्याला माहीत नाही.

किंग्ज_काकू:
मी सॅक्रामेंटोत चौदा वर्षं आहे, किंग्जची सीझन तिकीटवाली. मॉकचं रडगाणं तुम्ही गाऊच नका, ते आम्ही गायचं. आमचं दुःख उलटं आहे, २०१८ ला बऱ्याच मॉकमध्ये बॅगली दोनवर आलाच होता, मी रोज उघडून बघायची आणि देवाला म्हणायची हा मॉक खोटा ठरू दे. नाही ठरला. डाँचिच समोर बसलाय, युरोलीगचा एमव्हीपी, आमचा जीएम डिवाच स्वतः युरोपातून आलेला, आणि आम्ही बॅगली घेतला. मॉक बरोबर, टीम चूक. फेडअवे, तुमचा मुद्दा मला पटतो पण पटताना पोटात दुखतं.

दादर_टीटी:
काकू डिवाच कशाला, वर रणदिवे बसलेत ते बोला ना. मुंबईत जन्मलेला माणूस एनबीए टीमचा मालक, २०१३ ला घेतली तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पुढच्याच वर्षी ड्राफ्ट रूमचा व्हिडिओ आला, त्यात साहेब स्टॉस्कस स्टॉस्कस करतायत. आठवर स्टॉस्कस. पुढे मोठा झालेला लव्हीन तेरावर गेला. आता असा मालक असल्यावर मॉकवाला काय डोंबल सांगणार?

किंग्ज_काकू:
एक मिनिट. टीम सिएटलला चालली होती, सामान बांधायचंच बाकी होतं, ती त्या माणसाने इथे ठेवली. घरात बसून नावं ठेवणं सोपं आहे.

दादर_टीटी:
घरात बसून नाही, २०१९ ला वरळीला डोममध्ये पैसे मोजून गेलेलो. किंग्ज-पेसर्सची दुसरी मॅच. पेसर्सने १३०-१०६ ने धुतलं, आणि मी आपल्या माणसाची टीम म्हणून जांभळा टी-शर्ट घालून. पुढे त्याच पेसर्सना हॅलिबर्टन देऊन टाकला. मॉकमध्ये तुमच्या नंबरच्या वर होता, घसरत बारावर आला, आयती लॉटरी लागली होती, ती पण विकली. २०२५ ला फायनल कोण खेळलं सांगा बरं.

किंग्ज_काकू:
हॅलिबर्टनच्या बदल्यात सबोनिस आला म्हणून सोळा सीझन कोरडे गेल्यावर २०२३ ला प्लेऑफ बघितलं आम्ही. तुम्हाला ती सोळा वर्षं कळणार नाहीत. आणि "आपला माणूस" हे तुम्ही लावलेलं लेबल आहे, त्यांनी नाही मागितलं. हरला की मालक, जिंकला की आपला, हे आधी बंद करा!

दादर_टीटी:
जिंकल्यावर बघू ना. तारीख सांगा फक्त.

फेडअवे_फुकट:
अहो मॉकवर बोला!! रणदिवेंसाठी वेगळा धागा काढा हवं तर.

वीकसाइड_वैद्य:
मी बोलतो. सगळे विसरताय ती गोष्ट म्हणजे मेडिकल. पोर्टर ज्युनियर २०१८ ला पाठीमुळे चौदावर, २०२३ ला व्हिटमोर पहिल्या दहात धरलेला तो थेट वीसवर. रिपोर्ट टीमच्या डॉक्टरकडे, मॉकवाल्याकडे नाही. त्याला शिव्या घालून काय होणार. आणि लॉटरीच्या, म्हणजे वरच्या नंबरांच्या सोडतीच्या, आधीचा मॉक तर वाचूच नये, डॅलसला पहिल्या नंबरचा १.८ टक्के चान्स होता आणि फ्लॅग तिकडे गेला.

कट्ट्यावरचा_सेंटर:
म्हणजे लॉटरीआधी वाचू नये, मेडिकल माहीत नाही म्हणून शिव्या घालू नये, आणि शेवटच्या दिवशी वाचावा तेव्हा एजंट खोटं बोलतात. मग वाचायचा कधी?

फेडअवे_फुकट:
बरं बाबा, जिंकलास. पहिले तीन सोडले तर पुढे अंदाजपंचे आहे, घे लिहून. २०२५ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचचा अलार्म लावून उठलो होतो, शेजारी मॉकची प्रिंट, हो प्रिंट, हसू नका, आणि सोळावर यांग हानसेन. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या राउंडमध्ये होता तो. कपातला चहा प्रिंटवर सांडला आणि बायको म्हणाली बरं झालं. पण पहिल्या दहातली बरीच नावं बरोबर होती. जागा इकडेतिकडे, पण नावं होती.

कट्ट्यावरचा_सेंटर:
जागा इकडेतिकडे 😂 अहो ड्राफ्टमध्ये जागेशिवाय असतं काय?

संत्र्याचा_फोड:
सतनाम सिंगचं कुणी बोललंच नाही. २०१५, डॅलस, ५२. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला आपल्याकडचा पहिला. त्याचं नाव कोणत्या मॉकमध्ये होतं, नव्हतं, मला घेणं नाही, त्या सकाळी मी ऑफिसात पेढे नेले होते.

दादर_टीटी:
एनबीएत एक मॅच नाही खेळला पण.

संत्र्याचा_फोड:
तू डोममध्ये जांभळा टी-शर्ट घालून गेला होता न? मग गप बस.

किंग्ज_काकू:
😂😂 फोड भाऊ, सॅक्रामेंटोला आलात तर तिकीट माझ्याकडून.