सापडेनात म्हणून तिसऱ्यांदा आणलेली बेअरिंगं

बाल्कनीतला फिटर

मंडळी, रविवारी शेजारचा पोरगा स्केटिंगचे बूट घेऊन आला. एक चाक खरखरत होतं. आत ६०८ नंबरचं बेअरिंग: भोक ८, बाहेरून २२, जाडी ७ मिलिमीटर. माझ्याकडे आहेत हे मला पक्कं आठवत होतं. पाऊण तास शोधलं. श्रीखंडाचे डबे उपडे केले, होमिओपॅथीच्या बाटल्या हलवून पाहिल्या. नाहीच. सोमवारी ऑफिसातून येताना बोहरी आळीत उतरून चार आणली.

काल फ्यूज शोधत होतो, तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सहा ६०८ निघाली. त्यांच्याखाली दुसऱ्या पुडीत अजून चार. म्हणजे मी तीनदा आणली. दोन बुटाला लागली तरी बारा उरली, आणि आमच्या घरात चाकं असलेली वस्तू म्हणाल तर सिलिंडरची ट्रॉली.

जागा सांगतो. बंद केलेली बाल्कनी, ८ बाय ४ फूट. शेगडा (वस्तू घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस), सोल्डरिंगचं टेबल, एक जुनं फडताळ. कामं सोसायटीतलीच: मिक्सर, पंखे, इस्त्र्या, कधीतरी एखादा वॉल्व्हचा रेडिओ, जो घेऊन येणाऱ्यालाही परत नको असतो.

गेल्या दिवाळीत सगळ्या सुट्या भागांची यादी एक्सेलमध्ये केली होती. ३१२ ओळी, प्रत्येकीपुढे नग. संक्रांतीपर्यंत निम्मे आकडे खोटे झाले. हात ग्रीसने बरबटलेले असताना दोन वायसर घेतले म्हणून लॅपटॉप कोण उघडणार? त्यात सुताचे (जुन्या, इंचातल्या मापाचे) आणि एमचे (मिलिमीटरच्या मापाचे) नटबोल्ट एकमेकांत मिसळलेत ते वेगळंच.

'वीस डबे आणा, लेबलं लावा' हा सल्ला कृपया नको. तो मी स्वतःला तीनदा देऊन झालोय. ज्यांची व्यवस्था दोन वर्षं टिकली आहे त्यांनी बोला.

बिनकार्ड

चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, म्हणून बोलतो.

तुमचं चुकलं ते नग लिहिण्यात. आमच्याकडे प्रत्येक बिनला, म्हणजे मालाच्या कप्प्याला, कार्ड असायचं: आवक, जावक, शिल्लक. ते भरायला पगारी माणूस होता, सहीशिवाय खिळा सुटत नव्हता. तरी मार्चमध्ये मोजणी केली की फरक निघायचाच. तुम्ही एकटे, स्टोअरकीपरही तुम्हीच आणि चोरही तुम्हीच.

नगाचा रकाना पुसून टाका. जागा तेवढी लिहा. फडताळाच्या कप्प्यांना अ, ब, क, डब्यांना आकडे. '६०८ बेअरिंग: ब-४'. बास. नग रोज बदलतो, जागा वर्षातून एकदा बदलते. त्यामुळे असली यादी लवकर खोटी पडत नाही. डबा कुठेही नेलात तरी त्याच्यावर ब-४ लिहिलंय, तो ब-४ लाच परत जातो.

मग संपलं हे कळणार कसं? दोन पुड्या. शंभर स्क्रू आणलेत की सत्तर-ऐंशी उघड्या डब्यात, बाकीचे पिशवीत घालून पिशवीला स्टेपल मारायचा. आत चिठ्ठी: काय, किती लांबीचं, कुठून आणलं. उघडा माल संपला की पिशवी फोडायची आणि चिठ्ठी दाराजवळच्या हुकाला लावायची. बाजारात जाताना हुकावरच्या चिठ्ठ्या खिशात टाकायच्या. मोजायचं काहीच नाही.

हे रोज लागणाऱ्या मालाला. जे आयुष्यात एकदाच लागतं त्याच्या दोन पुड्या करत बसू नका. आणि मोजायचंच झालं तर सोनाराच्या काट्यासारखा खिशातला छोटा काटा घ्या. दहा नग तोला, मग सगळे तोला. पोत्यातले वायसर आम्ही असेच मोजायचो.

शिवणयंत्रवाली

नाशिकला शिलाई मशीन दुरुस्त करते, अकरा वर्षं झाली. काकांचं पटलं, पण माझ्याकडे वस्तूप्रमाणे डबे नाहीत, कामाप्रमाणे आहेत.

आधी सगळ्या स्प्रिंगा एकत्र, सगळे स्क्रू एकत्र असं होतं. दिसायला झकास. काम आलं की सहा डबे उघडायचे आणि सहाच्या सहा उघडे राहायचे. आता एक मिसळणाचा डबा म्हणजे धाग्याच्या ताणाचं सगळं: चकत्या, स्प्रिंग, चेक स्प्रिंग, बारीक नट. दुसऱ्यात बॉबिन केस आणि त्याचे पत्तीचे स्क्रू. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात आणि वरून सगळ्या एकदम दिसतात, ही त्याची खरी करामत. आईच्या डब्याला हळदीचा वास अजून आहे.

तुम्ही पंख्याचा डबा करा: ६२०१, ६२०२ बेअरिंग, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डाउनरॉडचा बोल्ट आणि त्याची पिन. मिक्सरचा वेगळा: कपलर, कार्बन ब्रश.

फक्त सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवू नका. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा, कारखान्याच्या मशीनचा पूर्ण गोल. चष्मा नसताना मी एकदा गोल दिली. बाई दुसऱ्या दिवशी मशीनसकट परत आल्या. तेव्हापासून गोल सुया घरातच दुसऱ्या खोलीत.

वाशिष्ठीकाठी

सुताचं मी सांगतो. हा घोळ चिपळुणातही आहे, जुन्या बिजागऱ्या आणि पंप सुताचे, नवीन सगळं एमचं.

अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर. एम८ चा बोल्ट ८ मिलिमीटर. डोळ्याला एकच. पण एम८ चे आटे १.२५ मिलिमीटरवर, अडीच सुताच्या व्हिटवर्थला (आट्यांची जुनी इंग्रजी पद्धत) इंचात १८ आटे, म्हणजे १.४१ वर. नट दोन आटे छान चढतो आणि मग अडतो. पोरं पान्हा लावून जोर करतात, आटे गेलेच.

फळीचा तुकडा घ्या. त्यात एका ओळीत एम४, एम५, एम६, एम८, खाली दीड, दोन, अडीच, तीन सूत, असे बोल्ट कायमचे बसवा. नट कसला ते पाहायचं तर हाताने फिरवून बघायचं, शेवटपर्यंत गेला तर तो. वर्गवारी करायला एक पावसाळी रविवार पुरे. जे कशालाच बसत नाही ते भंगारात, त्यावर जीव लावू नका.

आणि चिठ्ठ्या शिसपेन्सिलने लिहा. २०२१ च्या जुलैत पाणी माझ्या माळ्यापर्यंत आलं. जेल पेनाची लेबलं निळी डबकी झाली, पेन्सिलची चिखल धुतल्यावर वाचता आली.

कोडवाला

इन्व्हेनट्री आणि पार्ट-डीबी ही दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत, घरच्या लहान कॉम्प्युटरवर चालतात. मी आयसी आणि ट्रान्झिस्टरसाठी पार्ट-डीबी वापरतो, कारण जागेबरोबर डेटाशीटही (त्या भागाचं माहितीपत्रक) तिथेच राहते. स्क्रूंसाठी मात्र मीही सोडून दिलं.

फुकटा

बारापैकी चार बेअरिंगं मला द्या. तुमचा एक प्रश्न तेवढाच हलका.

बाल्कनीतला फिटर

फुकटा, पोस्टेज पाठवा.

तीन आठवड्यांनी लिहितोय. नगाचा रकाना उडवला. यादी आता एका फुलस्केप कागदावर मावते, फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहे, लॅपटॉपची गरजच नाही. वाशिष्ठीकाठी, तुमची फळी केली. माझ्या 'एम८' च्या डब्यात एकतीस नट अडीच सुताचे निघाले. गेली दोन वर्षं बोल्टच खराब येतात म्हणून मी दुकानदाराशी भांडत होतो.

ताई, पंखा आणि मिक्सरचे डबे झाले. पण ३ मिलिमीटरचे स्क्रू सगळ्याच कामांना लागतात, ते वेगळेच ठेवले, काकांच्या दोन पुड्यांच्या पद्धतीने. रेझिस्टरचं अजून ठरत नाही. ओहमच्या मूल्याप्रमाणे लावले तर बारा मूल्यांची मालिका गुणिले दहापटीचे सहा टप्पे, बहात्तर कप्पे होतात, आणि मला लागतात त्यातले जेमतेम दहा. सध्या ते दहा वेगळे काढून बाकी एका पाकिटात.

हुकाचं मात्र एक झालं. शनिवारी बाजाराला निघालो, हुकावरच्या चिठ्ठ्या न वाचता खिशात घातल्या. बोहरी आळीत काउंटरवर काढल्या तर पहिली '३ बाय १२ स्क्रू', दुसरी 'कार्बन ब्रश', आणि तिसरी हिच्या अक्षरात, पेन्सिलने: 'हिंग ५० ग्रॅम, फुटाणे पाव किलो, ब-२ मध्ये ठेवणे'.