मूव्हिंग कॉइलसाठी फोनो प्रीॲम्प: ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह, की सॉलिड स्टेट?

मूळ मत
डेनॉनचे डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचा विद्युत सिग्नल करणारा भाग; यात छोटी कॉइल हलते) साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवले गेले आणि आजही विकले जाते. त्याचे आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट असते. १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर विजेशिवाय हा सिग्नल जवळपास दहापट करतो आणि पुढचे काम ईसीसी८३ व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) साधा मूव्हिंग मॅग्नेट फोनो, म्हणजे चुंबक हलणाऱ्या, जास्त आउटपुटच्या कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प, सहज पेलतो. याच जोडणीवर तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) खोलीभर पसरते. सॉलिड स्टेटवर (ट्रान्झिस्टरच्या फोनोवर) ती मला कधीच तशी ऐकू आली नाही. त्यामुळे टर्नटेबलवर मनापासून खर्च केलेल्यांनी हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. फोनोच्या ४७ किलोओहमच्या इनपुटला १:१० चा ट्रान्सफॉर्मर जोडला, की गुणोत्तराच्या वर्गाने भागले जाऊन कार्ट्रिजवर ४७० ओहमचा लोड (कार्ट्रिजला समोर दिसणारा रोध) येतो. १:२० असेल तर सुमारे ११८. सॉलिड स्टेट फोनो मात्र बहुधा १०० ओहमवर ठेवलेला असतो. मग आपण ऐकलेला फरक व्हॉल्व्हचा की लोडचा, हे कसे ठरवणार? शिवाय ट्रान्सफॉर्मर आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र पकडतो. माझा ट्रान्सफॉर्मर पॉवर ॲम्प्लिफायरशेजारी होता तेव्हा आलापाच्या सुरुवातीच्या शांततेत सतत गुणगुण येई. आवाज वाढवून ट्रान्सफॉर्मर फळीवर हाताने थोडा थोडा फिरवत गेलो, तेव्हा एका कोनात ती जवळपास नाहीशी झाली आणि दोन बोटे पुढे सरकताच परत आली. व्हॉल्व्हची सळसळ तर वेगळीच. हा व्याप कशासाठी करायचा?

मूळ लेखकाचे उत्तर
सळसळीचा आक्षेप येथे फारसा लागू होत नाही, कारण सिग्नल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचण्याआधीच दहापट झालेला असतो. लोडचा मुद्दा मात्र रास्त वाटला, म्हणून काल ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम (फोनोकडच्या) बाजूला सुमारे १२.७ किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडून लोड १०० ओहमवर आणला. जवारी खरोखरच आकसली. तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणा तसाच राहिला आणि त्याचे श्रेय मी अजूनही ट्रान्सफॉर्मरलाच देतो.

प्रतिसाद २
तुम्ही दोघेही केवळ एलपीचा विचार करता आहात, याची खंत वाटते. आरआयएए वक्र, म्हणजे एलपी वाजवताना फोनोने कोणते स्वर किती वाढवायचे-घटवायचे याचे प्रमाण, १९५४ साली ठरला. मुद्रणात उंच स्वर वाढवलेले असतात म्हणून वाजवताना तो १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल घट करतो. बालगंधर्वांच्या काळातल्या लाखेच्या तबकड्यांमध्ये अशी वाढ केलेलीच नव्हती. त्या या वक्रातून वाजवल्या, की आधीच मर्यादित असलेला आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होतो आणि त्यांना जाड सुईही लागते. ज्याच्याकडे नाट्यपदांचा असा संग्रह आहे, त्याने टर्नओव्हर (खर्जाची वाढ कुठून सुरू होते) आणि रोल-ऑफ (उंच स्वर किती घटतात) बदलता येणारा फोनोच घ्यावा. त्यात व्हॉल्व्ह असो वा ट्रान्झिस्टर.

प्रतिसाद १ यांचे पुन्हा उत्तर
मान्य आहे, मात्र असे बदलते वक्र सॉलिड स्टेटमध्येच सहज आणि अचूक मिळतात. आणि डग्ग्याच्या भरीवपणाबद्दल: लोड सारखा केलात, तसा दोन्ही फोनोंच्या आवाजाची पातळीही १ किलोहर्ट्झच्या टेस्ट रेकॉर्डवर मोजून जुळवली होती का?