२०२५ मध्ये काय पाहिलं, ऐकलं, खाल्लं? आणि २०२६ मध्ये कुठल्या महिन्यात कुठे असायला हवं?

माळावरची

नमस्कार मंडळी, डिसेंबर संपत आला म्हणून काल रात्री डायरी काढून बसले होते. यंदा जानेवारीपासून ठरवलं होतं की कुठेही गेलं तरी दोन ओळी लिहायच्या, काय पाहिलं, काय ऐकलं, काय खाल्लं, बस एवढंच. वाचताना लक्षात आलं की जे खरंच मनात राहिलं ते सगळं त्या त्या वेळेलाच मिळणारं होतं, पंधरा दिवस इकडे तिकडे झालं असतं तर मिळालंच नसतं.

जानेवारीत मामाकडे मंगळवेढ्याला हुरडा. तिकडची ज्वारी प्रसिद्ध आहे, जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय तिला, पण हुरड्यासाठी मामा ती ज्वारी वापरत नाही, त्यासाठी बांधाकडेच्या चार ओळी गूळभेंडीच्या वेगळ्या असतात. सकाळी थंडीत आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा विस्तव झाला की कणसं त्यात खुपसायची आणि मग गरम कणीस तळहातावर चोळून पाखडून तो हिरवा दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचा, मामीचे तळहात अजिबात भाजत नाहीत आणि मला दोन कणसांत फोड आला. हे एवढं लिहायचं कारण म्हणजे मामाने यंदा त्या तुकड्यात ऊस लावलाय. कॅनॉलचं पाणी आलं, त्याला दोष कसा देणार. पण त्या बांधावरचा हुरडा तो शेवटचा होता हे तेव्हा माहीत असतं तर मी दुपारीच परत निघाले नसते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे. सादडा, हिरडा, बेहडा असल्या झाडांवर हजारोंनी बसलेले असतात आणि एक झाड विझलं की शेजारचं पेटतं असं चालू राहतं. पाऊस जोरात सुरू झाला की संपलं. (गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलचे फ्लॅश प्लीज बंद ठेवा हो, नर काजवा मादीला बोलवायला चमकतो, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचं काही दिसत नाही.)

आणि या महिन्यात सवाई. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या आठवणीत सुरू केलेला पुण्यातला गाण्याचा महोत्सव, मी मात्र पहिल्यांदाच पूर्ण पाच दिवस भारतीय बैठकीत बसले. शेजारच्या काकू गेली तीस वर्षं येतायत, त्यांनी डब्यातली तिळाची वडी दिली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की आलाप चालू असताना डबा उघडायचा नाही, ते मी पाचही दिवस पाळलं.

कास मात्र हुकलं. ऑक्टोबर मध्यावर गेलो, पठार सुकायला लागलं होतं. फुलं ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे ऐकलेलं होतं पण सुट्टी जुळेना आणि वाटलं होतं थोडीतरी असतील.

तर प्रश्न असा की तुमचं यंदाचं काय? मला टॉप टेन जागा नकोयत, ज्या गोष्टी फक्त आपल्या वेळेलाच होतात त्या सांगा, खाणं असो गाणं असो किंवा जागा, म्हणजे २०२६ च्या कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून रजा टाकता येतील.

---

वालाचीशेंग

ताई, हुरड्याचं वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे अलिबाग साइडला जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी असते, या महिन्यांत या नक्की. वालाच्या शेंगा भरल्या की शेताडीतच करायची. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे रताळी अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, वरून परत पाला गच्च कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही तेल नाही. झाली की नाही ते बघायला माझे सासरे मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात, चुर्र होऊन लगेच सुकलं की काढा म्हणतात. हल्ली गॅसवर पातेल्यात पण करतात लोक, मी खाल्लीय, त्याला तो भांबुर्डीचा वास येतच नाही, माझ्या मते ती पोपटी नव्हे, उकडलेल्या शेंगा झाल्या.

दुसरी खूण जूनमध्ये करा, शेवळं ही रानभाजी. पहिला पाऊस पडला की जंगलातून आदिवासी बायका जुड्या घेऊन बाजारात बसतात, दोन-तीन आठवडे मिळतात फार तर. नवीन असाल तर एक लक्षात ठेवा, शेवळं घशाला जाम खाजतात म्हणून सोबत काकडं नावाची आंबट फळं घ्यायची, ती विकणारीकडेच असतात, नाहीतर चिंच घाला भरपूर. मी यंदा आमच्या मावशीकडून (भाजीवाली, पण वीस वर्षं मावशीच म्हणतो) साफ कशी करायची ते शिकून घेतलं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा. सासूबाई होत्या तोवर मी कधी हात लावला नव्हता. यंदा पहिल्यांदा एकटीने केली आणि घरात सगळे गप्प बसून जेवले.

---

धानपट्टा

तुम्ही लोक सवाईला जाता ना, त्याच दिवसांत आमच्या झाडीपट्टीत नाटकं जोरात चालू असतात, आणि पुण्यामुंबईच्या लोकांना हे माहीतच नसते याचं मला खरंच वाईट वाटते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा आमचा भाग. धान निघालं, दिवाळी झाली, गावोगावी मंडई (म्हणजे आमच्याकडची जत्रा) भरली की सुरू, ते पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं गाव, तिथे नाटक कंपन्यांचे ऑफिस आहेत, बाहेर बोर्डावर कुठल्या तारखेला कुठल्या गावात कोणतं नाटक ते लिहिलेलं असते, गोंदिया-बल्लारशा लाइनवर स्टेशन आहे, उतरायचं आणि बोर्ड वाचायचा.

मी नोकरीसाठी बारा वर्षं बाहेर आहो, यंदा जानेवारीत खास सुट्टी काढून आलो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, मध्ये काही वर्षं कोर्टाने बंद होती तेव्हा गावात रयाच नव्हती. रात्री जेवण करून दहाच्या पुढे नाटक. धान कापलेल्या बांदीत मंडप, खाली तणीस, त्यावर घरून आणलेली चादर आणि अंगावर ब्लँकेट, पाहुणे आलेले, जावई आलेले, कुठे पोरीसाठी स्थळाची गोष्ट चालू. हो, अर्ध्या गावच्या सोयरिकी नाटकाच्या निमित्तानेच जुळतात आमच्याकडे, माझ्या मोठ्या बहिणीची तशीच जुळली. नाटक संपते तेव्हा झुंजूमुंजू झालेलं असते. मधात गाणी, वाजवणारे समोरच बसलेले, पब्लिकला गाणं आवडलं की वन्स मोअर आणि नट परत म्हणतो, कितीही वाजले असो.

आमचे परशुराम खुणे, ज्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ते याच रंगभूमीचे. बातमी आली तेव्हा मी परगावी ऑफिसात होतो, शेजारच्या टेबलवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला झाडीपट्टी म्हणजे काय. तेव्हाच ठरवलं होतं की त्याला एकदा घेऊन यायचं, आणि यंदा आणलं. रात्रभर जागला तो. बोली अर्धी समजली नसेल त्याला पण तिसऱ्या अंकात आई मरते तिथे रडला, आणि सकाळी आईच्या हातची पाटोडी आणि रस्सा खाऊन दुपारी चारपर्यंत झोपला.

थंडी फार असते, शाल नाही चालत, ब्लँकेटच आणा.

---

बंदरकाठ

माझं छोटंसं. जुलैत आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत आले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी मिळून १२, तर मी ठरवलं की त्यातला न पाहिलेला एक तरी याच वर्षी बघायचा. नोव्हेंबरात हर्णेला गेलो आणि होडीने सुवर्णदुर्ग. पावसाळ्यात होडी नाही हे धरून चाला. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो तो बघा, आम्ही तिथून सुरमई घेतली आणि उतरलो होतो त्या घरातल्या वहिनींनी तळून दिली. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन ताजी मासळी मिळाली नाही म्हणू नका.

---

दिवेलागण

कोल्हापूरचा किरणोत्सव लिहून ठेवा. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी पायाशी, मग वर वर चढत मुखापर्यंत जातात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी आणि परत ९, १०, ११ नोव्हेंबर. ढग आले की गेलं, मी नोव्हेंबरात दोन दिवस थांबले आणि एकदाच दिसलं, तेही कमरेपर्यंत. तेवढ्यात आख्खा गाभारा सोन्याचा झाल्यासारखा वाटला आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

आणि हे वेळेचंच म्हणून सांगते, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. वडिलांना घेऊन मी सोमवारी अजिंठ्याला पोचले, त्यांचे गुडघे गेलेत, ते गाडीतून उतरून नुसते बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी परतीचं रिझर्व्हेशन होतं. फेब्रुवारीत परत नेतेय, बुधवार बघून.

---

माळावरची

सगळ्यांचं वाचून काढलं, दोनदा. दिवेलागण, बाबांना नक्की न्या, पायऱ्या चढवत नसतील तर अजिंठ्याला डोलीवाले असतात ते बघा.

कॅलेंडरवर मारलेल्या खुणा: ३१ जानेवारीला कोल्हापूर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोपटी, जूनमध्ये शेवळं आणि सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी कास, वीकेंडची गर्दी नको. झाडीपट्टीला मात्र २०२६ ची दिवाळी होईपर्यंत थांबायला मन होत नाहीये. धानपट्टा दादा, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नाटकं असतातच ना? आम्ही दोघी आहोत, मी आणि मामी. मामीला हुरड्याऐवजी यंदा काहीतरी द्यायचंय. वडशात रात्री उतरायची सोय आणि गावातून पहाटे परत यायला गाडी मिळते का एवढं सांगा, ब्लँकेटं आम्ही आणतो.